मुकुंदवाडी स्टेशन आणि आसपासची वस्ती : फोटो काढताना या चुका टाळा

छत्रपती संभाजीनगरात कॅमेरा घेऊन निघालेला माणूस वेरूळला जातो, नाहीतर बीबी-का-मकबऱ्याला. मुकुंदवाडी स्टेशनावर मुद्दाम कुणी येत नाही, आणि आलंच तर इंजिनाचे ढीगभर फोटो घेऊन परततं. ही पहिली चूक. तेच इंजिन मनमाडलाही दिसतं आणि नांदेडलाही. 2019 च्या दुष्काळात मुकुंदवाडीची पोरं रिकामी भांडी घेऊन रेल्वेने शहराच्या मुख्य स्टेशनावर जायची आणि पाणी भरून परत यायची. ते फोटो जगभर छापून आले. त्यातली भांडी सावरणारी पोरं लक्षात राहतात. गाडी कोणती होती, हे कुणी विचारत नाही. तेव्हा गाडीच्या अलीकडे-पलीकडे बघा: रुळांकडे पाठ करून उभी असलेली घरं, वाळत घातलेले कपडे, पायाखाली मळलेली वाट, गाडी ‘लेट’ म्हणून सिमेंटच्या बाकड्यावर आडवा झालेला कामगार.

न विचारता कॅमेरा रोखणं

सगळ्यात जास्त फोटो इथे बिघडतात, आणि त्याला उपाय कॅमेऱ्यात नाही. रुळालगतच्या वस्तीत अनोळखी माणसाने घरांवर कॅमेरा धरला की पहिला प्रश्न येतो, “काय भाऊ, मोजणी हाय का?” अतिक्रमणाच्या नोटिसांची धास्ती असलेल्या गल्लीत तुमचा ट्रायपॉड सर्व्हेच्या यंत्रासारखाच दिसतो. दारं लागतात, माणसं आत जातात आणि तुमच्या हाती नुसत्या भिंती उरतात. म्हणून ट्रायपॉड घरी ठेवा. आधी कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा घ्या, कशासाठी आलात ते मोकळेपणाने सांगा. “मावशी, एक फोटो काढू का?” एवढं विचारलं तर बहुतेक वेळा “काढ की” असंच उत्तर येतं, मग मावशी पदर सावरून ताठ उभ्या राहतात. तो फोटो काढाच, पण लगेच निघू नका. त्या पुन्हा भांडी घासायला बसल्या की खरा फोटो मिळतो. नळाला पाणी आलेलं असेल तर मात्र कुणाला थांबवू नका. लहान मुलांचे फोटो आईबापाला विचारल्याशिवाय नको, आणि कुणाचं दार ओळखू येईल असा फोटो लोकेशनसकट टाकू नका.

भर दुपारी जाणं

मेच्या 19-20 तारखेच्या आसपास इथे शून्य सावलीचा दिवस असतो. त्या दिवसांत दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर येतो, डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात आणि पत्र्याची छपरं पांढरी फटक होतात. मोबाइलही तापून स्क्रीन मंद करतो. तो सावलीत ठेवा. इथला मार्ग साधारण पूर्व-पश्चिम असल्याने सकाळी लवकर आणि सूर्य मावळताना उजेड रुळांच्या रेषेतच पडतो. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे झुकलेला असतो, तेव्हा तुम्ही दक्षिणेच्या बाजूला उभे राहा.

फोटो असे का आले?

डबे तिरके झालेले दिसत असतील तर दोष इलेक्ट्रॉनिक शटरचा, ते फोटो एकदम न टिपता ओळीओळीने टिपतं. कॅमेऱ्यात मेकॅनिकल शटर निवडा. मोबाइल असेल तर गाडीच्या अगदी काटकोनात उभं न राहता समोरून तिरपा कोन घ्या. गाडी पुसट येत असेल तर हा हिशेब बघा: ताशी 100 किलोमीटरने जाणारी गाडी 1/125 सेकंदात 22 सेंटीमीटर पुढे सरकते. शटर 1/1000 वर न्या. रात्री एलईडी दिव्यांचे पट्टे उमटले किंवा गाडीचा नंबर दाखवणारा बोर्ड अर्धाच आला तर उलट करा, शटर 1/50 वर आणा. आणि सगळ्याच फोटोंवर दुधाळ पडदा असेल तर सेटिंग शोधत बसू नका, लेन्सवरची धूळ पुसा.

रुळांवर उतरणं

सेल्फीसाठी असो वा ‘लीडिंग लाइन’साठी (म्हणजे नजर फोटोत आत नेणाऱ्या रेषेसाठी), उतरू नका. रेल्वे कायदा 1989 च्या कलम 147 नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे विजेवरचं इंजिन डिझेलसारखं दुरून घरघरत येत नाही. वरच्या तारेत 25,000 व्होल्ट असतात, त्यामुळे सेल्फी स्टिक उंच करणंही नको. ड्रोनचा तर विचारच सोडा, चिकलठाणा विमानतळ जवळच आहे. दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट दोन तास चालतं, ते खिशात ठेवा. शूटिंग धंद्यासाठी असेल तर रेल्वेची रीतसर परवानगी लागतेच.

कॅप्शनमध्ये नुसतं ‘स्टेशन’ लिहिणं

मुख्य स्टेशनाचं नाव ऑक्टोबर 2025 मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं आणि कोड एडब्ल्यूबीचा सीपीएसएन. त्यामुळे फोटो कोणत्या स्टेशनाचा आणि कोणत्या महिन्याचा, हे कॅप्शनमध्येच लिहा. फाइलमध्ये तारीख असते, पण व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की ती गळून जाते. ज्यांचे फोटो काढले त्यांना पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे त्यांना चांगली प्रिंटही काढता येईल.