सिकाच्या मोसमाआधी: कायमानावाला निघण्यापूर्वी

सिका हरणांच्या शिकारीसाठी न्यूझीलंडमधल्या कायमानावाच्या डोंगराळ रानात जायचं ठरलं की पहिलं काम घरी बसूनच उरकायचं. न्यूझीलंडच्या संवर्धन खात्याचा शिकारीचा परवाना ऑनलाइन, फुकट मिळतो. कुठल्या भागासाठी आहे आणि कोणत्या तारखेपर्यंत चालतो ते वाचून त्याची प्रत सोबत ठेवा. बंदुकीचा परवाना निराळा, आणि तो वयाच्या १६ व्या वर्षाआधी मिळत नाही. ज्याचा अजून आलेला नाही, त्याने परवानाधारक शेजारी उभा असेल तेव्हाच रायफल हातात घ्यावी. त्याच बैठकीत कुठे १०८० हे उंदीर-पॉसम मारायचं विष टाकलंय का तेही पाहून घ्या. तशा भागातलं मांस घरी आणायचं नाही, आणि कुत्रा तर तिकडे मुळीच न्यायचा नाही.

भारतातून आलेल्या आपल्या माणसाला हरणावर नेम धरणं जड जातं. मलाही गेलं. पण इथे वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नाही. या रानात सिका हरणं १९०५ मध्ये सोडली गेली, आणि आज माउंटन बीच या झाडाची रोपं मोठी होण्याआधीच ती खुडून खातात. जुनं झाड पडतं, त्याच्या जागी नवं उभं राहत नाही. म्हणून शिंगांच्या मागे धावू नका. हरणांची संख्या आटोक्यात ठेवायची तर माद्या मारायला हव्यात. पाडस दूध पीत असेल तेव्हा मात्र मी बार टाकत नाही.

आता दुर्बीण. ती गळ्यातच हवी, पिशवीत नको. मार्चअखेर ते एप्रिल नर माजावर येतात, शीळ घालतात, आणि रानभर शिकारीही फिरत असतात. एका पहाटे बीचच्या खोडांमध्ये मला तपकिरी पाठ दिसली. कान हलल्यासारखा वाटला, अंगठा सेफ्टीवर गेला. दुर्बीण लावली तर ती आमच्याच मित्राची पाठपिशवी होती, आणि कान म्हणजे तिचा सुटलेला पट्टा. रायफलवरच्या स्कोपमधून ओळख पटवायला गेलो असतो तर नळी त्याच्याकडेच वळली असती. इथे चुकून झालेल्या गोळीबारांत बळी बहुतेक वेळा स्वतःच्याच टोळीतला असतो. डोकं, मान, खांदा असं अख्खं जनावर दिसेपर्यंत बोट ट्रिगरवर नको. सगळ्यांच्या अंगावर भडक नारिंगी किंवा निळं काहीतरी हवंच. कोण कुठल्या ओढ्याच्या कुठल्या बाजूला जाणार ते निघण्याआधी नकाशावर बोट ठेवून ठरवा, आणि सोबती नजरेआड झाला की शिकार थांबवा.

मुक्कामाच्या झोपडीजवळ पोचण्याआधी गोळ्या काढायच्या, आत रायफलचा बोल्ट वेगळा ठेवायचा. मांसासाठी सुती पिशव्या घ्या, प्लॅस्टिकमध्ये ते गरम राहून नासतं. सुरी, टॉर्च, लोकरीचे कपडे, रेनकोट हे तुम्हाला ठाऊकच आहे. पाऊस पडला की नद्या तासाभरात फुगतात, तेव्हा एक दिवसाचं जेवण जास्तीचं बांधा आणि पाणी उतरेपर्यंत अलीकडेच थांबा.

संकटात इशारा पाठवणारा बीकन डब्यात नको, अंगावरच्या खिशात हवा, आणि तो आधी नोंदवून घ्या. वाट, झोपडीचं नाव, परतीची वेळ हे सगळं कागदावर लिहून घरच्यांकडे द्या. किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर १११ हा आपत्कालीन नंबर लावायचा, तोही आकडा त्याच कागदावर लिहा.