भंडारदऱ्याकडे शेतावर पाहुणे ठेवायचे तर

मुतखेल-रतनवाडीच्या बाजूला ज्यांचं शेत आहे त्यांना डोंगर विकत आणावा लागत नाही. पाहुणा डोंगर बघायलाच येतो, पण पुन्हा येणार की नाही ते संडास, पाणी आणि अंथरूण यांवर ठरतं. म्हणून पैसा आधी तिथे घालावा. रंगीत झोपाळा आणि सेल्फी पॉइंट नंतर. नाही केला तरी बिघडत नाही.

खोली बांधताना एक अडचण हमखास येते. रतनगड दिसतो पश्चिमेला, आणि जून ते सप्टेंबर पावसाची झड येते तीही पश्चिमेकडूनच. तिकडे नुसती मोठी काच बसवली की पहिल्याच आषाढात चौकटीतून पाणी आत येतं आणि भिंतीला पोपडे धरतात. त्या अंगाला सहा फूट रुंद ओसरी काढावी, छपराची वळचण खांबांच्या पुढे किमान तीन फूट ठेवावी आणि मग खिडकी घ्यावी. खिडकीचा खालचा काठ जमिनीपासून दोन फुटांवर असला की खाटेवर पडल्या पडल्या डोंगर दिसतो. पावसाळ्यापुरती ओसरीला बांबूची तट्टी बांधावी, दसऱ्याला सोडावी. निळी ताडपत्री स्वस्त पडते, पण वाऱ्याने रात्रभर फडफडते आणि सकाळी पाहुणा तोंड पाडून चहाला येतो.

कापसाची गादी इथल्या हवेत ओल धरते आणि आठवड्यात वास मारू लागते. काथ्याची गादी, वर रेक्झिनची खोळ, हे बरं. दर खाटेमागे चादरींचे तीन जोड लागतात, पावसाळ्यात चार, कारण वाळायला दोन-तीन दिवस जातात. चुलीवरच्या दांडीवर वाळवल्या तर धुराचा वास बसतो. त्यासाठी पत्र्याची, दोन बाजूंनी मोकळी शेड वेगळी हवी. दाराखालची फट रबरी पट्टीने बुजवावी आणि मच्छरदाणी गादीखाली खोचून द्यावी. मण्यार रात्री घरात शिरते, आणि जमिनीवर झोपलेल्या माणसालाच तिचा धोका जास्त.

संडास दोन शोषखड्ड्यांचा, म्हणजे पाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्यांचा करावा. एक खड्डा वापरात, दुसऱ्याचं तोंड चेंबरमध्ये वीट-मातीने बंद. पहिला भरला की पाळी बदलायची आणि भरलेला किमान वर्षभर तसाच ठेवायचा. मग त्याचं खत होतं. खड्डे विहिरीच्या उताराला, विहिरीपासून किमान ५० फूट लांब. जिथे पावसाळ्यात हातभर खोदलं की पाणी लागतं, तिथे हे खड्डे वरपर्यंत तुंबतात आणि मैला भांड्यात उलटा येतो. तिथे बंद सेप्टिक टाकीच बांधावी. ॲसिड ओतून भांडं चकचकीत करू नये, मैला कुजवणारे जंतू त्याने मरतात.

पाण्याचं गणित माणशी रोज १०० लिटर धरा. आठ पाहुण्यांना ८००, म्हणजे २००० लिटरची टाकी दोन दिवस पुरते. काजव्यांचा हंगाम मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, आणि विहिरी तळाला जातात त्याही तेव्हाच. धरण शेजारी असलं तरी ते पाणी आपल्या नळाला येत नाही. टँकरचा खर्च आधीच दरात धरा, नाहीतर काजव्यांच्या रात्रीचं बुकिंगच तोट्यात जातं. पहिल्या पावसानंतर विहीर गढूळ होते. तेव्हा दर हजार लिटरला अडीच ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर), बादलीत कालवून वरची निवळी विहिरीत सोडायची, तासभर थांबायचं. पिण्याचं पाणी तरीही उकळूनच द्यायचं. अंघोळीला तांब्याचा बंब उत्तम. आषाढ-श्रावणात सोलर निव्वळ शोभेचा.

जेवणात इंद्रायणी भात, नागलीची भाकरी, पिठलं, हुलग्याचं कढण. याहून जास्त काही मांडू नये. जूनमध्ये पाहुणे शेवळं ही रानभाजी मागतात. ती काकडाच्या फळांबरोबर शिजवली नाहीत तर घसा असा खाजतो की पाहुणा रात्रभर पाणी पीत बसतो.

वाटा स्वतः चालून, घड्याळ लावून मोजा आणि शहरातल्या माणसासाठी दीडपट वेळ सांगा. ‘जवळच आहे’ हे उत्तर बंद. रतनवाडीतलं अमृतेश्वराचं देऊळ सकाळच्या फेरीला पुरेसं. रतनगड चढायला तीन तास धरा, नेढं, म्हणजे माथ्यावरचं खडकातलं आरपार भोक, बघून अंधाराआधी खाली यायचं म्हणजे सकाळी सातला निघायला हवं. शिड्या ओल्या असतील तेव्हा नाही म्हणायला शिका. कळसूबाई १६४६ मीटर. पायथ्याच्या बारी गावातून पहाटे पाचला निघालं तर ऊन चढण्याआधी माथा गाठता येतो. शनिवार-रविवारी आणि नवरात्रात शिड्यांवर रांग लागते. सांदण दरी म्हणजे दोन कड्यांमधली अरुंद फट, तिथे जून ते ऑक्टोबर कुणालाही पाठवू नका. आपल्या डोक्यावर ऊन असताना वर कुठे पडलेल्या पावसाचा लोंढा त्या फटीत येतो, आणि दोन्ही कडे सरळसोट, चढून जायला जागाच नाही.

सापाच्या लसीचा साठा कुठल्या सरकारी दवाखान्यात आहे हे हंगामाआधी प्रत्यक्ष जाऊन विचारून यावं. तिथपर्यंतचा रस्ता, १०८ आणि गावातल्या गाडीवाल्याचा नंबर प्रत्येक खोलीत दारामागे चिकटवा. नेटवर्क कुठल्या बांधावर मिळतं, तेही त्याच कागदावर.