लेखनिक आणि वाढीव वेळ: स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरण्याआधी

दिव्यांग प्रमाणपत्रावर ४० टक्के असले की लेखनिक, म्हणजे परीक्षेत उमेदवाराच्या वतीने उत्तरं लिहिणारी व्यक्ती, आपोआप मिळतो, हा समज अनेकांना नडतो. २०१८च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार अंधत्व, दोन्ही हात बाधित असणं आणि सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नसणं) यांत उमेदवाराने मागितलं की लेखनिक द्यायचा होता; २०२५मध्ये या सूचनांच्या जागी नव्या आल्या, म्हणून जाहिरातीतला नियमही पाहा. एक हात बाधित असलेल्यांना किंवा डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अडचण) असलेल्यांना आणखी एक कागद लागतो: जिल्हा शल्यचिकित्सक किंवा सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचं, ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र.

घोळ होतो तो याच कागदात. डॉक्टर दिव्यांगत्वाचा प्रकार आणि टक्केवारी लिहितात आणि सही करतात. पण 'या मर्यादेमुळे उमेदवाराच्या लिहिण्यात अडथळा येतो' हे वाक्य त्यात हवंच, कारण लेखनिक मिळतो तो त्या वाक्यावर. शिवाय संबंधित तज्ज्ञाची सही लागते: डोळ्यांसाठी नेत्रतज्ज्ञ, हातासाठी अस्थिरोगतज्ज्ञ. जाहिरातीला जोडलेला नमुना छापून सोबत न्या आणि रुग्णालयाच्या खिडकीपासून हलण्याआधी सही, शिक्का, तारीख, नावाचं स्पेलिंग तपासा. एका फेरीत हे क्वचितच होतं, म्हणून जाहिरातीची वाट पाहू नका.

४० टक्क्यांहून कमी असेल तरी मागणी सोडू नका. रायटर्स क्रॅम्प (लिहिताना हाताचे स्नायू आखडणं) असलेल्या उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये लेखनिकासाठी किमान ४० टक्क्यांची अट नाकारली, आणि २०२२मध्ये अशांसाठी वेगळ्या सूचना निघाल्या.

वाढीव वेळ, म्हणजे एमपीएससीच्या भाषेत अनुग्रह काळ, तासाला किमान २० मिनिटं. दोन तासांच्या पेपरला ४० मिनिटं. अर्जात लेखनिक आणि वेळ हे दोन वेगळे प्रश्न असतील तर दोन्हींना 'होय' करा. अर्जात न केलेली मागणी केंद्रावर सहसा ऐकली जात नाही. संगणकावरच्या परीक्षेत सुरुवातीलाच घड्याळ पाहा. ६० मिनिटांच्या पेपरला ८० दिसायला हवीत. नसतील तर लगेच पर्यवेक्षकांना सांगा, शेवटी सांगून उपयोग होत नाही.

लेखनिक स्वतः आणायचा असेल तर त्याच्या शिक्षणाची अट जाहिरातीतूनच घ्या, ती परीक्षेगणिक बदलते. तो त्याच परीक्षेचा उमेदवार नसावा. त्याचं ओळखपत्र, फोटो आणि दोघांच्या सहीचं हमीपत्र सोबत ठेवा. आणि आधी निदान दोन पेपर त्याच्यासोबत वेळ लावून सोडवा. 'प्रश्न पुन्हा वाच', 'खूण कर, नंतर येऊ' अशा सूचना सरावाने ठरल्या नाहीत तर वाढीव मिनिटं त्यातच जातात.