कालवणात बांगडा फुटतो? या चुका टाळा

कालवणात काटा एकीकडे आणि मांस दुसरीकडे झालं, की हर्णैपासून मालवणपर्यंत निदान एकच: मासा शिळा. बरेचदा ते खरंही असतं. पण जिवाणूंचा सुळसुळाट होण्याआधीच माशाची स्वतःची एन्झाइम्स मांस पोखरायला लागतात. त्यातलं मोठं नाव कॅथेप्सिन.

एरवी ही पेशीतल्या लायसोसोम नावाच्या पिशवीत कोंडलेली असतात, जुनी प्रथिनं तोडणं हे त्यांचं काम. मासा मेला की स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठतं, पिशव्या झिरपू लागतात, आणि आम्लात खुलणाऱ्या या एन्झाइम्सना रान मोकळं मिळतं. बांगडा-तारलीसारख्या गडद मांसाच्या माशांत हे जास्त जाणवतं.

म्हणून पहिली चूक जेटीवरच होते. लिलाव होईपर्यंत टोपली उन्हात, आणि मग वरून ओंजळभर बर्फ. बर्फ वजनाने माशाइतका हवा, चुरा करून, थराथराने. थंडीने एन्झाइम मंदावतं, मरत नाही.

फ्रीझरमध्येही मरत नाही. उलट बर्फाचे स्फटिक लायसोसोम फोडतात आणि मासा वितळला की कॅथेप्सिन मोकळंच. पाहुणे येणार म्हणून सगळं पाकीट बाहेर काढायचं आणि उरलेलं परत आत टाकायचं, हा प्रकार बंद करा. एका वेळेपुरत्या पुड्या बांधा.

स्वयंपाकातली चूक मात्र फार कमी जणांच्या लक्षात येते. कॅथेप्सिनचाच एक प्रकार असलेल्या कॅथेप्सिन एलचा धुमाकूळ साधारण 50 ते 60 अंशांवर सर्वांत जास्त असतो. सुरीमीच्या (माशाच्या मांसाच्या लगद्याच्या) कारखान्यांना ही डोकेदुखी चांगली ठाऊक आहे. थंड वाटणात तुकडे सोडून मंद आचेवर ठेवलंत, तर मासा याच तापमानात रेंगाळतो. आधी वाटण, तिरफळ, आगळ यांना खळखळून उकळी येऊ द्या, मग बांगडा सोडा. आणि पळी घालून ढवळू नका, टोप धरून हलवा.

इतकं वाचून कॅथेप्सिनला शत्रू ठरवू नका. आपल्या शरीरात सिस्टीन गटातल्या कॅथेप्सिनचे 11 प्रकार आहेत. कॅथेप्सिन के जुनं हाड विरघळवतं. ते जन्मतःच नसेल तर हाडं दाट होतात, तरी ठिसूळच राहतात. कॅथेप्सिन सी बिघडलेल्या मुलांचे दात लहानपणीच पडू लागतात. कॅथेप्सिन के रोखणारं ओडानाकॅटिब हे औषध हाडं मोडण्याचं प्रमाण घटवत होतं, पण पक्षाघाताचा धोका वाढलेला दिसल्याने 2016 मध्ये ते सोडून द्यावं लागलं.

तसंच प्रत्येक खोट कॅथेप्सिनच्या माथी मारू नका. तारलीचं पोट फुटतं ते मुख्यतः आतड्यातल्या पाचक एन्झाइम्समुळे. ती लवकर साफ करा. आणि बांगडा कडक आहे म्हणून निर्धास्तही राहू नका. उष्म्यात राहिलेल्या बांगड्यात जिवाणू हिस्टामाइन तयार करतात, ते उकळूनही जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल झालं, अंगाला खाज सुटली, डोकं ठणकलं, तर उरलेलं कालवण टाकून द्या आणि डॉक्टरांकडे जा. श्वास लागला तर क्षणभरही थांबू नका.