घरच्या बागेत मका लावताना अंतर किती ठेवावे?

घरच्या बागेत मका लावायचा म्हटले की बरेचजण कुंपणाच्या कडेने एक लांब ओळ टोकून मोकळे होतात. रोपे जोमाने वाढतात, तुरे येतात, कणसेही धरतात. पण सोलून पाहावे तर दाणे तुरळक आणि मधेमधे बोडके. अशा वेळी खताला दोष देण्याआधी लागवडीची मांडणी तपासा.

शेंड्यावरचा तुरा म्हणजे मक्याची नरफुले. कणसातून लोंबणारे केस मादीफुलांचे. प्रत्येक केस आतल्या एकेका दाण्याच्या जागेशी जोडलेला असतो आणि त्यावर पराग पडला तरच तो दाणा भरतो. पराग नेतो वारा, आणि बहुतेक पराग जवळपासच पडतात. एकच ओळ असली आणि वारा आडवा वाहिला की ते वाया जातात. म्हणून मका चौकोनी वाफ्यात, शक्यतो चार ओळींत लावा. बारा रोपांची एक ओळ करण्यापेक्षा तीन-तीन रोपांच्या चार ओळी कधीही चांगल्या.

आता अंतर. दोन रोपांमध्ये 20 ते 30 सेंमी आणि दोन ओळींमध्ये 60 ते 75 सेंमी ठेवा. माझे मत विचाराल तर रोपांत 25 सेंमी धरा, म्हणजे साधारण एक वीत आणि वर दोन बोटे. 2.4 मीटर बाय 1.5 मीटरच्या वाफ्यात 60 सेंमीवर चार ओळी आणि प्रत्येक ओळीत सहा रोपे, अशी 24 रोपे आरामात बसतात. जागा थोडी आहे म्हणून दाटी करू नका. दाटीत ताटे बारीक राहतात, कणसे लहान येतात, काही झाडांना तर येतच नाहीत.

वाफ्याला दिवसभर ऊन हवे आणि माती उबदार हवी. गारठ्यात बी कुजते. दोरी ताणून ओळी आखा, ठरलेल्या अंतरावर 3 ते 4 सेंमी खोल भोके पाडा आणि प्रत्येकात दोन बिया टाकून माती सारखी करा. पाणी झारीने द्या, धार लावली तर बी वाहून जागचे हलते.

रोपे वीतभर होण्याआधीच विरळणी करा. एका जागी दोन उगवली असतील तर कमजोर रोप जमिनीलगत कात्रीने कापा. उपटू नका: दोघांची मुळे गुंतलेली असतात, राखायचे रोपही हलते. हिरवेगार रोप कापताना जिवावर येते खरे, पण दोन्ही ठेवली तर एकाचेही धड होत नाही. कुठे उगवलेच नसेल तर नांग्या लगेच भरा. उशिरा लावलेले रोप शेजाऱ्यांच्या सावलीत खुरटते.

रोपे गुडघ्याएवढी झाली की ओळींमधली माती ओढून बुंध्याला भर द्या. त्याने ताटे वाऱ्यात सहज लोळत नाहीत. मक्याची बरीच मुळे वरच्या थरात असतात, तेव्हा खुरपे खोल घालू नका. बुडातून फुटवे आले तर राहू द्या, काढायची गरज नाही.

रोपे मोजकीच असतील तर परागीभवनाला हात लावावा लागतो. केस बाहेर आले की सकाळी दव सुकल्यावर तुरा कागदी पिशवीत हलक्या हाताने झटका. पिवळी भुकटी पडेल, ती दुसऱ्या झाडांच्या केसांवर भुरभुरा. केस सगळे एकदम बाहेर येत नाहीत, त्यामुळे हे तीन-चार दिवस करा.

स्वीटकॉर्न आणि पॉपकॉर्नचा मका शेजारी-शेजारी लावणार असाल तर थांबा. परागांची सरमिसळ झाली की स्वीटकॉर्नचे दाणे त्याच हंगामात पिठूळ होतात. बागेत दोघांना पुरेसे लांब ठेवणे जमत नाही, म्हणून दोन्हींचे तुरे किमान दोन आठवड्यांच्या फरकाने येतील अशा बेताने पेरा.