बायरच्या मेलमधला ‘काउंट’ कसा वाचायचा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात ऑफिसची नोकरी धरलीत की ‘काउंट’ या शब्दाशी रोजची गाठ. काउंट म्हणजे मोजणं, एवढं शाळेत शिकलेलं असतं. पण काय मोजायचं आणि कशात मोजायचं? मी परदेशी ऑर्डरींचा पत्रव्यवहार बघते. नव्याने आलेल्या पोरापोरींना माझं एकच सांगणं असतं: डिक्शनरी नंतर उघडा, आधी काउंटच्या मागचा-पुढचा शब्द बघा.

शेजारी ‘यार्न’ असेल, किंवा आकड्याच्या शेपटीला ‘एस’ असेल (१०एस, २०एस), तर तो सुताचा नंबर. इंग्लिश पद्धतीत ८४० यार्डांची एक लड धरतात आणि एक पौंड सुतात अशा किती लडी निघतात तो काउंट. म्हणजे वीस नंबरचं पौंडभर सूत उलगडलं तर १६,८०० यार्ड भरेल. वजन तेच, लांबी जास्त, म्हणून आकडा वाढला की सूत बारीक होतं. हे उलटं गणित अंगवळणी पडेपर्यंत टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवा. २/२० दिसलं तर तो अपूर्णांक समजू नका. वीस नंबरचे दोन धागे एकत्र पिळलेलं ते सूत, जाडीला दहाच्या एकेरी सुताच्या जवळपास. पिळात लांबी जराशी आखडते, म्हणून बरोब्बर दहा भरत नाही. शंका आली तर खाली शेडमध्ये जाऊन मागावरच्या मामांना विचारा. सूत चिमटीत धरून ते नंबर सांगतात, आणि आपल्या कॅलक्युलेटरच्या आधी सांगतात.

पॉलिस्टर असेल तर मेलमध्ये ‘डेनिअर’ येतो. ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनिअर. इथे आकडा वाढला की धागा जाड. दोन्हींचा मेळ घालायचा तर ५,३१५ ला डेनिअरने भागा: १५० डेनिअर म्हणजे साधारण ३५ काउंट. ‘टेक्स’ लिहिलं असेल तर तेच वजन १,००० मीटरचं.

‘थ्रेड काउंट’ ही निराळी भानगड. तिथे सुताची जाडी नाही, कापडाची घट्टी बघायची असते. एका चौरस इंचात उभे धागे किती, आडवे किती, त्यांची बेरीज. उभे ११० आणि आडवे ९० असतील तर २००. उभ्यांना ‘एंड्स’ म्हणतात, आडव्यांना ‘पिक्स’. त्यामुळे ‘एंड’ म्हणजे शेवट आणि ‘पिक’ म्हणजे उचलणं, असा अर्थ लावाल तर पूर्ण स्पेसिफिकेशन वाया. काही विक्रेते दुहेरी सुताचा एक धागा दोन मोजून आकडा फुगवतात. त्यामुळे बेडशीटचा थ्रेड काउंट अचाट वाटला तर इंचाची काच (धागे मोजायचं भिंग) घेऊन स्वतः मोजा. माझं मत विचाराल तर चारशेच्या पुढच्या आकड्यांवर मी सहसा विश्वास ठेवत नाही.

आणि टॉवेलला कुणी थ्रेड काउंट विचारलाच तर नम्रपणे जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन, विचारा. टॉवेलवर धाग्यांचे लूप असतात, तिथे वजनच बोलतं. ३० बाय ६० इंचाच्या टॉवेलचं क्षेत्रफळ १.१६ चौरस मीटर. ४५० जीएसएम असेल तर एक नग सुमारे ५२२ ग्रॅम भरतो. अमेरिकन बायर हेच डझनाच्या पौंडात मागतात, म्हणजे डझनाला साधारण १३.८ पौंड. दोन्ही आकडे शेजारी-शेजारी मांडून पाठवा, पुढच्या दहा मेल वाचतात.

‘पीस काउंट’ म्हणजे गाठीतले (‘बेल’मधले) नग. ‘शॉर्ट काउंट’ आलं की चहा बाजूला ठेवा, माल कमी पोचलाय आणि पैसे कापले जाणार आहेत.

आता मोजण्याशी जेमतेम नातं असलेले अर्थ. ‘वी आर काउंटिंग ऑन यू’ म्हणजे आमची भिस्त तुमच्यावर. हे गोड वाक्य बहुधा माल लवकर हवा असताना येतं. ‘ऑन बोथ काउंट्स’ म्हणजे दोन्ही मुद्द्यांवर, उदाहरणार्थ रंग आणि वजन, दोन्हींत तक्रार. ‘ऑन अकाउंट ऑफ रेन’ म्हणजे पावसामुळे, पण नुसतं ‘ऑन अकाउंट’ म्हणजे हिशेबापोटी दिलेली उचल. युरोपातल्या सरदाराच्या ‘काउंट’ या किताबाचा आकड्यांशी काहीच संबंध नाही, तो ‘सोबती’ अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलाय.

‘काउंटर’ मात्र नीट लक्षात ठेवा. नवी पेठेतल्या दुकानातलं काउंटर सगळ्यांना माहीत. मेलमधलं ‘काउंटर सॅम्पल’ म्हणजे बायरने पाठवलेल्या नमुन्याबरहुकूम आपण विणून परत पाठवायचा नमुना, आणि ‘काउंटर ऑफर’ म्हणजे त्याच्या भावाला आपला उलट भाव. दोन्हींत ‘उलट, प्रत्युत्तरादाखल’ हा अर्थ आहे.

उत्तर लिहिताना नुसता ‘काउंट’ कधीच लिहू नका. ‘यार्न काउंट’, ‘पीस काउंट पर बेल’, ‘पिक्स पर इंच’ असं पुरतं लिहा, आणि पौंड की किलो, यार्ड की मीटर, तेही त्याच ओळीत टाका.