प्रागमध्ये एकटे असाल तर पहिला दिवस पहाटेच सुरू करा

भारतातून गेल्यावर पहिल्या दिवशी पहाटेच जाग येते, कारण उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असतं. लोळत पडू नका, थेट चार्ल्स पूल गाठा. १३५७ साली बांधायला घेतलेला हा दगडी पूल दहानंतर माणसांनी इतका फुलतो की कठड्यालाही टेकता येत नाही. पहाटे मात्र तीसही पुतळे निवांत बघता येतात. संत जॉन नेपोमुकच्या पुतळ्याखालचा धातूचा फलक जरूर पाहा. बाकी सगळा काळवंडलाय, पण लोकांनी हात लावलेली जागा सोन्यासारखी चकचकीत झालीय.

पूल ओलांडून किल्ल्याकडे चढत जाऊ नका. २२ नंबरची ट्राम पकडून 'प्राझ्स्की ह्राद' थांब्यावर उतरा. ट्राममध्ये चढताच पिवळ्या यंत्रात तिकिटावर शिक्का मारून घ्या, नाहीतर खिशात तिकीट असूनही दंड बसतो. किल्ला पाहून नेरुदोवा गल्लीने पायी उतरा. घरांना नंबर नव्हते तेव्हाच्या खुणा दारांवर अजून आहेत: कुठे तीन व्हायोलिन, कुठे दोन सूर्य. मला तर किल्ल्यापेक्षा ही गल्लीच जास्त आवडली.

दुपारी जुन्या चौकातलं १४१० सालचं घड्याळ. तास पडताना घड्याळावरचा सांगाडा दोरी ओढतो आणि सगळ्यांच्या माना वर होतात. तेवढा वेळ बॅग पोटाशी धरा, एकटं असताना पाठीमागे बघायला कुणी नसतं. आणि पैसे कोरुना या तिथल्या चलनामध्ये ठेवा, युरोमध्ये नाही.